रक्ताच्या थेंबातली पत्रिका

क्षणभर अशी कल्पना करा. दहावीचा निकाल लागला आहे, तुम्हाला चांगले गुण मिळाले आहेत आणि महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी तुम्ही रांगेत उभे आहात. तुमचा क्रमांक येतो. खिडकीतील कारकून तुमच्या गुणपत्रिकेकडे पाहतसुद्धा नाही. तो तुमच्या बोटाला सुई टोचतो, रक्ताचा एक थेंब यंत्रात घालतो, पडद्यावर उमटलेली अक्षरे वाचतो आणि म्हणतो, "तुला प्रवेश मिळणार नाही." का, असे तुम्ही विचारता. उत्तर येते, "पुढे कधीतरी तुला हृदयविकार होण्याचा संभव आहे."

आज तुम्ही ठणठणीत आहात. अभ्यासात कोठेही कमी पडलेला नाहीत. तरीही 'पुढे कधीतरी' आणि 'संभव आहे' एवढ्या शब्दांवर तुमचे शिक्षण अडले! याला तुम्ही काय म्हणाल?

नेमका हाच प्रश्न विचारणारा एक विज्ञानपट १९९७ साली अमेरिकेत निघाला. त्याचे नाव 'गॅटाका'. लेखक व दिग्दर्शक अँड्र्यू निकोल. या चित्रपटात परग्रहावरचे राक्षस नाहीत, किरणांच्या बंदुका नाहीत. आहेत ती आपल्यासारखीच माणसे, फक्त थोड्या पुढच्या काळातली. आज आपण या चित्रपटाची गोष्ट पाहू आणि त्यातले विज्ञान कितपत खरे आहे तेही तपासून पाहू.

व्हिन्सेंटची गोष्ट

व्हिन्सेंट जन्मतो त्या क्षणीच परिचारिका त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेते. काही सेकंदांत यंत्र त्याचे सारे भविष्य सांगते. हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के. अपेक्षित आयुष्य ३०.२ वर्षे. आईवडिलांचे चेहरे उतरतात. थोडा मोठा झाल्यावर त्याला शाळेत घालायला नेतात, तर शाळा दार बंद करते. मूल पडले, काही झाले, तर विमा मिळणार नाही, असे कारण दिले जाते.

दुसऱ्या मुलाच्या वेळी आईवडील धोका पत्करत नाहीत. ते तज्ज्ञाकडे जातात. प्रयोगशाळेत त्यांच्याच बीजांडांपासून व शुक्राणूंपासून काही भ्रूण तयार केले जातात आणि त्यांतला 'सर्वोत्तम' निवडला जातो. त्यातून अँटनचा जन्म होतो. तो उंच, सशक्त आणि निर्दोष आहे. दोघे भाऊ समुद्रात पोहण्याची शर्यत लावतात. किनाऱ्यापासून कोण अधिक दूर जातो ते पाहायचे. दर वेळी अँटन जिंकतो. पण एक दिवस अँटनच दमून बुडू लागतो आणि 'दुबळा' व्हिन्सेंट त्याला ओढून किनाऱ्याला आणतो.

व्हिन्सेंटचे स्वप्न अंतराळवीर होण्याचे. पण 'गॅटाका' या अंतराळसंस्थेत त्याला मिळते ते फरशी पुसण्याचे काम. तेथे मुलाखत म्हणजे फक्त लघवीची तपासणी. ज्यांची जनुके चांगली ते 'वैध', बाकीचे 'अवैध'. मग व्हिन्सेंट एक धाडस करतो. जेरोम नावाचा एक उत्तम जलतरणपटू अपघातात अपंग झालेला असतो. त्याचे रक्त, लघवी, केस आणि नाव घेऊन व्हिन्सेंट जेरोम बनतो. बोटाच्या टोकावर खोटी त्वचा चिकटवून तिच्याखाली जेरोमच्या रक्ताचा थेंब ठेवतो. स्वतःचा एकही केस मागे पडू नये म्हणून रोज अंग खरवडून काढतो. अभ्यास आणि व्यायाम मात्र त्याचे स्वतःचे असतात! शनीच्या टायटन या उपग्रहाकडे जाणाऱ्या मोहिमेसाठी त्याची निवडही होते. पण यान सुटायला थोडे दिवस उरलेले असताना संस्थेत एक खून होतो आणि तपासात पोलिसांना सापडते व्हिन्सेंटची एक पापणी. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. चित्रपट पाहाल तेव्हा कळेलच.

चार अक्षरांची लिपी

'गॅटाका' हे नाव कोठून आले असेल? आपल्या पेशींच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबच लांब रेणू असतो. त्याची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी असते, हे वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली दाखवून दिले. रोझलिंड फ्रँकलिन यांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रांचा त्यात मोठा वाटा होता. या शिडीच्या पायऱ्या चार रसायनांच्या बनलेल्या असतात. त्यांची आद्याक्षरे म्हणजे ए, टी, जी आणि सी. केवळ या चार अक्षरांतून चित्रपटाचे इंग्रजी नाव तयार केले आहे. जेरोमच्या घरातला गोल वळत जाणारा जिनासुद्धा डीएनएच्या पिळाची आठवण करून देतो.

आईकडून किंवा वडिलांकडून येणाऱ्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ती वाचून काढण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू होऊन २००३ साली पुरा झाला. राहिलेल्या गाळलेल्या जागा २०२२ साली भरून निघाल्या. या मजकुरात प्रथिने बनवण्याच्या कृती लिहिलेली सुमारे २० हजार जनुके आहेत. कोणत्याही दोन माणसांची अक्षरे ताडून पाहिली, तर हजारात साधारण एकाच अक्षराचा फरक सापडतो. म्हणजे 'वैध' आणि 'अवैध' माणसांतही बाकीची ९९९ अक्षरे सारखीच!

चित्रपट आला तेव्हा एका माणसाची सगळी अक्षरे वाचून झालेली नव्हती. आज हे काम काही तासांत होऊ शकते. चित्रपटातले यंत्र सेकंदांत उत्तर देते, तेवढा वेग अजून आलेला नाही. तरी रक्ताच्या थेंबातून अक्षरे वाचणे ही आता कल्पना राहिलेली नाही. मग चित्रपटातले भविष्यही खरे ठरेल काय?

टक्केवारी म्हणजे भविष्य नव्हे

येथे जरा सावकाश जाऊ या. व्हिन्सेंटचे अपेक्षित आयुष्य ३०.२ वर्षे आहे, याचा अर्थ काय? तुमच्या वर्गातील मुलांची सरासरी उंची १५०.२ सेंटीमीटर आहे असे समजा. वर्गात नेमकी तेवढीच उंची असलेला एकही मुलगा नसेल असेही होऊ शकेल. सरासरी ही साऱ्या गटाची असते. गटातल्या एका माणसाबद्दल ती फार थोडे सांगते. ३०.२ ही व्हिन्सेंटच्या मृत्यूची तारीख नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक गुण एका जनुकावर ठरत नाहीत. उंचीचेच पाहा. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंचीशी संबंध असलेले १२ हजारांहून अधिक फरक सापडले. एकेका फरकाचा परिणाम अगदी बारीक असतो. शिवाय आहार, बालपणीचे आजार यांचाही वाटा असतोच. उंचीसारख्या पट्टीने मोजता येणाऱ्या गुणाची ही कथा, तर बुद्धी, चिकाटी, धैर्य यांची काय असेल?

उलट काही आजार खरोखरच एका जनुकातल्या दोषामुळे होतात. पण तेथेही शेवट ठरलेला असतोच असे नाही. फिनिलकीटोनुरिया नावाचा एक आजार आहे. त्यात प्रथिनांतले एक अमिनो आम्ल शरीराला पचवता येत नाही. ते साठत जाऊन मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. परंतु जन्मल्याबरोबर टाचेतून रक्त घेऊन हा दोष ओळखला आणि ते अमिनो आम्ल अगदी कमी असलेला आहार दिला, तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. डीएनएमधले एक अक्षरही बदललेले नसते. बदललेले असते ते ताटातले अन्न!

पाहिलेत ना? टाचेतला रक्ताचा थेंब तोच. व्हिन्सेंटच्या जगात तो मुलाला शाळेबाहेर ठेवतो, आणि येथे तो मुलाला वाचवतो.

हवे तसे मूल मिळेल काय?

अँटनच्या जन्माआधी तज्ज्ञाच्या खोलीत झालेले बोलणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग आणि गोरी कातडी अशी यादी आधीच ठरलेली असते. गंभीर आजार टळावेत, एवढेच पालकांना हवे असते. काही गोष्टी दैवावर सोडाव्यात, असेही त्यांना वाटते. पण तज्ज्ञ त्यांची समजूत घालतो आणि यादी वाढत जाते. वर्तमानपत्रांतील लग्नाच्या जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. 'गोरी, उंच' हे शब्द तेथेही असतात. मग सांगा, गोरेपणा हा आरोग्याचा गुण आहे, की समाजाची आवड?

आता या यादीचे गणित मांडू. प्रत्येक गुण एकेका जनुकावर ठरतो आणि तो भ्रूणात येण्याची शक्यता निम्मी आहे, असे सोपे गृहीत धरा. एक गुण हवा असेल तर दोन भ्रूणांमागे एक मिळेल. दोन गुण हवे असतील तर चारांमागे एक. दहा गुण एकाच भ्रूणात हवे असतील तर? दोनाचा दहावा घात करा. उत्तर येते १,०२४. म्हणजे हजारभर भ्रूणांमागे एक! एका वेळच्या उपचारात मात्र थोडेच भ्रूण तयार होतात. आणि उंचीसारखे गुण तर हजारो जागांवर अवलंबून असतात. म्हणून 'सर्वगुणसंपन्न' मूल निवडणे चित्रपटात वाटते तितके सोपे नाही.

एकच गंभीर आजार टाळण्यासाठी भ्रूण तपासणे मात्र १९९० पासून शक्य झाले आहे. ज्या घरांत अशा आजाराने मुले दगावली आहेत, त्यांच्यासाठी ही मोठीच मदत आहे. अडचण येते ती आजार कोठे संपतो आणि आवड कोठे सुरू होते, ही रेघ ओढताना. ही रेघ ओढण्याची वेळ आपल्या महाराष्ट्रावरही आली होती. गर्भातल्या बाळाची प्रकृती पाहण्याची तंत्रे मुलगी आहे की मुलगा हे ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली आणि मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. मुलगी असणे हा आजार नव्हता. तरीही तंत्र तिच्याविरुद्ध वापरले गेले.

जे खरोखर घडले

चित्रपटातला भेदभाव काल्पनिक आहे, असे म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल. पण थांबा. एक खरी हकीकत ऐका.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतले सहावे बदलते, आणि तेही जनुकातल्या एका अक्षरामुळे. 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' येते, बस्स! प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्यांसारखे होते आणि गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक बनतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

परंतु नीट लक्षात घ्या, आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रुग्ण होतो. एकच सदोष असेल तर तो केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो.

१९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या आजाराच्या तपासणीची मोठी मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक अनेकांनी समजूनच घेतला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, त्यांच्याकडून विम्याचे जादा हप्ते मागितले गेले. तेथील वायुदलाच्या अकादमीचे दार १९८१ पर्यंत वाहकांना बंद होते. आकाशात उडण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणांना एका अक्षरासाठी परत पाठवले जात होते! आणि अमेरिकेत हे जनुक मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते. जो भेदभाव आधीपासून चालत होता, त्याला रक्ततपासणीचा कागद मिळाला, इतकेच.

या 'सदोष' अक्षराची दुसरी बाजूही ऐका. सिकलसेलच्या वाहकांना घातक हिवतापापासून बरेचसे संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. एखादे जनुक चांगले की वाईट, हे माणूस कोठे राहतो यावरही अवलंबून असते. मग 'निर्दोष माणूस' कोणाला म्हणायचे?

'चांगली' आणि 'वाईट' माणसे वेगळी काढण्याचा हव्यास जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली सुप्रजननाच्या विचाराला नाव दिले. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. जर्मनीत नाझींनी १९३३ साली तसाच कायदा करून सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी केली. तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला ठाऊक नव्हती. भेदभावाला यंत्र लागत नाही, हे यावरून दिसते. पण यंत्र मिळाले की तो अधिक खात्रीचा वाटू लागतो.

आज आपण कोठे आहोत?

जनुके केवळ वाचण्याचे नव्हे, तर बदलण्याचे साधनही आता हाती आले आहे. त्याचे नाव 'क्रिस्पर'. २०१२ साली हे तंत्र मांडणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या तंत्रावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून बदलतात आणि परत शरीरात सोडतात. हा बदल त्या रुग्णापुरताच असतो. तो पुढच्या पिढीत जात नाही.

भ्रूणात केलेला बदल मात्र पिढ्यान्पिढ्या जाऊ शकतो. २०१८ साली चीनमधील हे जियानकुई या शास्त्रज्ञाने असे बदल केलेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला. पुढे त्याला तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

आणि कायदा? 'गॅटाका'च्या जगात जनुकांवरून भेदभाव करणे कायद्याने गुन्हाच आहे! पण तो कायदा कोणी मनावर घेत नाही. दाराच्या मुठीवरून, लिफाफ्याच्या कडेवरून, हस्तांदोलनातूनही नमुना मिळवता येतो. आपल्या जगात अमेरिकेने २००८ साली नोकरी आणि आरोग्य विमा यांतील अशा भेदभावाला कायद्याने बंदी केली. आयुर्विमा मात्र त्या कायद्याबाहेरच राहिला. कायदा हवाच, पण तो पाळण्याची इच्छा असलेला समाजही हवा.

आपल्या वर्गातला प्रश्न

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या भागात झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत हा आजार आढळतो. २०२३ साली ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या जिल्ह्यांतील वाचकांपैकी काहींची तपासणी झालीही असेल. कोणी वाहक असेल, कोणी रुग्ण असेल.

तुमच्या शेजारी बसणारी मैत्रीण वाहक आहे असे कळले, तर काय कराल? तिला खोखोच्या संघातून वगळाल? तिचा डबा खायचा नाही असे म्हणाल? हा आजार शिवण्याने, एकत्र जेवण्याने होत नाही. वाहकाला नेहमीच्या आयुष्यात बहुधा काहीच अडचण नसते. पुढे लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी, एवढी माहिती तिच्या उपयोगाची आहे. आणि वर्गातला कोणी रुग्ण असेल, तर त्याला वर्गाबाहेर नव्हे, वर्गातच जागा हवी. त्याला वरचेवर पाणी प्यायला द्या, थंडीत उघड्यावर उभे करू नका, दुखू लागले तर शिक्षकांना लगेच सांगा आणि बुडालेला अभ्यास भरून काढायला वही द्या.

आकाशातल्या ग्रहांवरून मांडलेल्या पत्रिकेला विज्ञानाचा आधार नाही. रक्ताच्या थेंबातल्या पत्रिकेला आहे, आणि म्हणूनच ती अधिक जपून वाचली पाहिजे. कोणाची काळजी घ्यावी हे तिच्यावरून ठरवता येते. कोणाला दारातून परत पाठवावे हे तिच्यावरून ठरवू नये. व्हिन्सेंट काय करू शकतो, हे त्याच्या टाचेतल्या थेंबाला ठाऊक नव्हते. ते कळले समुद्रात.

करून पाहा

दोन नाणी घ्या. एक आईचे आणि एक वडिलांचे. दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत असे समजा. छापा म्हणजे निर्दोष प्रत, काटा म्हणजे सदोष प्रत. दोन्ही नाणी एकदम ४० वेळा उडवा आणि नोंद करा. दोन काटे म्हणजे रुग्ण, एक काटा म्हणजे वाहक. दोन काटे साधारण १० वेळा येतील, पण नेमके १० येतीलच असे नाही. एकदा दोन काटे पडले म्हणून पुढच्या तीन वेळा ते पडणार नाहीत असे आहे काय? तुमच्या नोंदीत शोधा.

विचार करा

१. व्हिन्सेंटला शाळेने नाकारले, त्यात दोष यंत्राचा, विम्याचा, की शाळेचा?
२. आजार टाळण्यासाठी केलेली निवड आणि आवडीसाठी केलेली निवड यांत फरक कसा कराल? प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.
३. तुमच्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल कोणाकोणाला पाहता यावा? पालक, डॉक्टर, शाळा, नोकरी देणारा, विमा कंपनी यांपैकी प्रत्येकाबद्दल 'हो' किंवा 'नाही' लिहा आणि कारण द्या.